लेकीची मगर नापास, मल्लखांब पास

विश्वामित्रीकाठी
नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे नुसती वाचक आहे. पहिल्यांदाच धागा काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही बडोद्याचे. दांडिया बाजारात चौथी पिढी. लेक इथेच फोटोग्राफी शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा वर्गातल्या नऊ जणांनी एका आंतरराष्ट्रीय सॅलॉनला फोटो पाठवले. (सॅलॉन म्हणजे केस कापायचं नव्हे, हे मलाही तिनेच सांगितलं. फोटोंच्या स्पर्धेला म्हणतात.) तिने चार विभागांत एकेक फोटो दिला.

निसर्ग: विश्वामित्रीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर. शेजारी कुणीतरी सोडलेली लाल चुनरी, नारळाच्या शेंड्या आणि एक निळी प्लास्टिकची पिशवी. मागे पुलाचा खांब.
कृष्णधवल: व्यायामशाळेतला मल्लखांब. मुलगा खाली डोकं वर पाय.
प्रवास: खंडेराव मार्केटच्या फुलबाजारातली पहाट, झेंडूची पोती.
खुला रंगीत: माझ्या सासूबाई उंबऱ्यापाशी रांगोळी काढताना. फक्त हात आणि रांगोळी.

काल निकाल आला. प्रत्येक फोटोला १५ पैकी गुण, आणि त्या त्या विभागाची पास होण्याची रेषा १० वर. मल्लखांब ११, म्हणजे ‘अ‍ॅक्सेप्टेड’. फुलं ९, रांगोळी ९. मगर ६.

वर्गातल्या नऊपैकी चौघांचं काही ना काही लागलं. कॉलेजात पेढे वाटले. आमच्याकडे मात्र सुतक. मगरीसाठी ती थंडीत सहा दिवस सकाळी काठावर जाऊन बसली होती, आणि मल्लखांबाचा फोटो म्हणे "जाता जाता काढला, त्यात काय". यांचं वेगळंच चाललंय, की पंधराशे रुपये भरून सर्टिफिकेट आणण्यापेक्षा घरीच छापलं असतं.

तर जाणकारांनो, हे अ‍ॅक्सेप्टन्स म्हणजे नक्की काय असतं? त्याला काही अर्थ आहे का? आणि मगरीचं काय चुकलं? चारही फोटो खाली देते, कोपऱ्यात तिचं नाव आहे ते सोडून बघा.

दांडियाबाजारवाला
अरे वा, लकडी पुलाजवळच्या का तुम्ही? मी पंधरा वर्षं पुण्यात आहे, पण ‘दांडिया बाजार’ वाचलं की पोटात सेव उसळ ओरडते. लेकीचं अभिनंदन! मगर झकास आहे. फोटोचं मला कळत नाही, पण ती पिशवी बघून एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. चालेल ने?

नागपुरी_संत्रं
मगर नापास झाली हे मगरीला कुणी सांगितलं का? सांगणाऱ्याचं नाव कळवा, श्रद्धांजलीचा धागा मी काढतो.

फोकस_फेल
तुमच्या मिस्टरांशी मी शंभर टक्के सहमत. मी चार वर्षं या नादात होतो. एका फोटोचे तीस-तीस ठिकाणी अ‍ॅक्सेप्टन्स. एखाद्या देशात एकच क्लब एकाच वेळी चार-पाच सॅलॉन भरवतो, त्याला सर्किट म्हणतात. फी एकदाच, निकाल पाच. मग मोजायचं किती देश झाले, किती फोटो झाले. ठरावीक आकडा भरला की नावापुढे एएफआयएपी (एफआयएपी या आंतरराष्ट्रीय फोटोग्राफी महासंघाचा किताब) लावायचं, पुढचा भरला की ईएफआयएपी. लहानपणी काडेपेटीची चित्रं जमवायचो, त्यात आणि यात फरक एवढाच की काडेपेटी स्वस्त होती.

आणि फोटो तरी कोणते? दिल्लीत यमुनेवरचे पांढरे पक्षी आणि नावाडी. बनारसचा धूर सोडणारा साधू. जेजुरीचा भंडारा. नंदगावची होळी. केरळातली चिखलातली बैलशर्यत. एका बसमधून पन्नास जण उतरतात, सगळे एकाच जागी गुडघ्यावर बसतात आणि सगळे अ‍ॅक्सेप्ट होतात. मुलीला म्हणावं, त्या पैशात एक वापरलेली पन्नास एमएम लेन्स घे.

काळापांढरा
फोकसराव, राग समजतो, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. मी दोनदा-तीनदा ज्युरीच्या खुर्चीत बसलो आहे. मोठ्या नावाच्या नव्हे, मध्यम सॅलॉनच्या. त्या खोलीत काय होतं ते सांगतो. ताई, तुमच्या मगरीचं उत्तर त्यातच आहे.

अंधारी खोली. समोर पडदा किंवा मोठा स्क्रीन. तिघे जण, प्रत्येकाच्या हातात बटणांचा छोटा डबा. फोटो येतो, तीन-चार सेकंद राहतो, तुम्ही १ ते ५ मधलं एक बटण दाबता. तिघांची बेरीज पडते आणि पुढचा येतो. कुणाचा फोटो, कुठल्या देशाचा, शिकाऊ की उस्ताद, काही कळत नाही. आपापसात बोलायचं नाही. दिवसभरात हजारावर फोटो. दुपारच्या जेवणानंतर सूर्यास्त आला की हात आपोआप २ वर जातो, खोटं कशाला बोलू.

१० ची रेषा आधी ठरलेली नसते. सगळे गुण पडल्यावर आयोजक बघतात की कुठे रेषा मारली तर ठरलेल्या प्रमाणातच फोटो आत येतील. म्हणजे ९ गुणांची फुलं आणि रांगोळी ही नापास नव्हेत, दारातून परतलेली आहेत. तिघांतल्या एकाने ३ ऐवजी ४ दाबलं असतं तर आत होती. तेच फोटो पुढच्या ठिकाणी लागू शकतात. मी स्वतः एकदा दोन वेगळ्या पॅनेलवर तोच फोटो दोनदा पाहिला, आणि माझेच गुण दोन्ही वेळा वेगळे पडले. घरी येऊन बायकोला सांगितलं तर म्हणाली, भाजीच्या मिठाचंही तुमचं तसंच आहे.

आता मगर. ६ म्हणजे तिघांनी २-२-२ किंवा ३-२-१ असं काहीसं दिलं. हे दारातून परतणं नाही. आत शिरतानाच ज्युरी म्हणाली, चुकीच्या दारात आलात. सॅलॉनमधल्या ‘निसर्ग’ या शब्दाला फार काटेकोर व्याख्या आहे. एफआयएपी, अमेरिकेची पीएसए ही फोटोग्राफी संस्था आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तिघांनी मिळून ती एकच केली आहे. माणसाने केलेली वस्तू फोटोत नको. त्यात काही वाढवायचं नाही, काही पुसायचं नाही. चुनरी, नारळ, पिशवी, खांब. तीन सेकंदांत ज्युरीला चार ‘माणसं’ दिसली.

अनुजा_क
पण त्या व्याख्येत अपवाद आहे ना? माणसाने बदललेल्या जागेशी जुळवून घेतलेला प्राणी असेल आणि ती वस्तू त्या गोष्टीचाच भाग असेल, तर चालतं. धान्याच्या कोठारातलं घुबड, धुराड्यावर घरटं करणारा करकोचा, असं उदाहरणासकट दिलेलं असतं. बडोद्याची मगर याहून वेगळी काय आहे? भरवस्तीतून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी राहतात, असं दुसरं शहर दाखवा. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या. चुनरी आणि पिशवी हाच तर त्या मगरीचा अधिवास!

काळापांढरा
अनुजाताई, वादात तुम्ही जिंकलात, बटणावर हरलात. अपवाद आहे. पण तो ज्युरीच्या लक्षात यायला फोटोने स्वतःच ओरडून सांगायला हवं. घुबड कोठाराच्या खिडकीतून बाहेर डोकावतंय, हे एका नजरेत कळतं. इथे मगर डावीकडे, पिशवी उजवीकडे, मध्ये रिकामी वाळू. शेजारी पडलेल्या दोन गोष्टी, एवढंच दिसतं. चुनरी मगरीच्या पाठीवर असती, किंवा पुलावरून खाली बघणारी गर्दी फ्रेममध्ये असती, तर गोष्ट जुळली असती.

शिवाय शीर्षक. काही ठिकाणी निसर्ग विभागात शीर्षक वाचून दाखवतात. मुलीने काय दिलं होतं?

विश्वामित्रीकाठी
विचारून आले. ‘सकाळ’.

काळापांढरा
झालं तर मग.

नागपुरी_संत्रं
मराठी माणूस मगरीलाही पेपरचं नाव देतो.

विश्वामित्रीकाठी
हसू नका हो, ती शेजारीच बसली आहे. 😀

एक सांगायचं राहिलं. पाठवायच्या आदल्या रात्री वरच्या वर्गातल्या एका मुलाने तिला सांगितलं होतं, ती पिशवी पुसून टाक, दोन मिनिटांचं काम, कुणाला कळणार. तिने नाही पुसली. आता तो म्हणतोय, बघ, पुसली असतीस तर लागला असता.

आयएसओ६४००
नाही पुसली ते उत्तम केलं. आणि कळतं. वरच्या गुणांना पोचलेल्या फोटोची कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली रॉ फाईल मागवायचा अधिकार आयोजकांना असतो. पकडलं तर नुसता फोटो बाद होत नाही, माणूस यादीत जातो. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमी-छायाचित्रांच्या २०१५ च्या स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेल्या फोटोंपैकी साधारण पाचवा हिस्सा अशाच फेरफारांमुळे बाहेर गेला होता.

नुसतं पुसणंच नाही. लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरमध्ये २००९ चा विजेता फोटो होता फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा. २०१० च्या सुरुवातीला बक्षीस काढून घेतलं, कारण लांडगा पाळीव असावा असं परीक्षकांचं मत झालं. त्याच स्पर्धेत २०१८ मध्ये मुंगीखाऊचा एक फोटो बाद झाला. तो प्राणी पेंढा भरलेला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. आता एआय आलंय. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसन या जर्मन कलाकाराने सोनीच्या स्पर्धेत मिळालेलं बक्षीस नाकारलं आणि सांगितलं, हे चित्र मशीनने केलंय, तुम्हाला ओळखता येतं का ते बघत होतो. २०२४ मध्ये उलटं झालं. माइल्स अ‍ॅस्ट्रे याने एआय विभागात फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो घुसवला, त्याला बक्षीस मिळालं, आणि मग खरा आहे म्हणून तो बाद झाला.

तुमच्या मुलीची पिशवी खरी आहे. जपून ठेवा. फोटोतली हो.

फोकस_फेल
बरं, मगर सोडा. मल्लखांबाला ११ कसे पडले ते सांगा काळेसाहेब. मल्लखांबाचे फोटोही पोत्याने येतात. लाल मातीतली कुस्ती, तालीम, दंडावरचा घाम, सगळं घासून गुळगुळीत झालंय.

काळापांढरा
खरं आहे, येतात. बहुतेक सगळे एकाच क्षणाचे असतात: मुलगा खांबाच्या टोकावर, हात पसरलेले, मागे आकाश. पोस्टकार्ड.

हा फोटो मोठा करून बघा. मुलाने एक हात सोडला आहे आणि दुसरा सोडायच्या बेतात आहे. अंगठा सुटलाय, चार बोटं अजून लाकडावर. पायाची मिठी आवळल्यामुळे मांडीचा स्नायू उठलाय. नजर खाली जमिनीकडे नाही, स्वतःच्या बोटांकडे आहे. वरचा पाय घोट्यापाशी कापला गेलाय. पुस्तकी नियमाने चूक, पण त्यामुळे खांब फ्रेमच्या बाहेर किती उंच गेलाय कळत नाही आणि भीती वाढते. मागे काळोख. दारातून आलेला एकच उजेड.

आणखी एक. या स्पर्धांत फोटो साधारण १९२० बाय १०८० पिक्सेलच्या मर्यादेत पाठवावा लागतो. आडवा फोटो पडदा भरतो. उभ्याला उंचीच १०८०, म्हणजे तो मध्ये चिंचोळा दिसतो आणि आधीच मार खातो. मल्लखांबाचे बहुतेक फोटो उभे असतात. हिने आडवा घेतलाय. खांब मधोमध नाही, डावीकडे, आणि उजवीकडचा सगळा अंधार त्या सुटणाऱ्या हातासाठी मोकळा ठेवलाय.

जाता जाता काढला म्हणते? मला पटत नाही. हात सुटायच्या आधीच बटण दाबलं गेलंय. सुटल्यावर दाबणारे आम्ही सगळे.

विश्वामित्रीकाठी
तुमचं वाचून मी जरा गप्पच झाले.

लेक वयाच्या आठव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत मल्लखांब करायची. दोरीचाही आणि पुरलेलाही. आमच्या इथे जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे म्हणा किंवा तिथल्या व्यायामगुरू माणिकरावांच्या नावामुळे म्हणा, मराठी घरातलं पोर कधी ना कधी तालमीच्या मातीत जातंच. हीही गेली. रोज संध्याकाळी यायची ती एरंडेलाचा वास घेऊन. चादरी, उश्या, दप्तर, सगळ्याला एरंडेल. बगली, दसरंग, काय काय नावं घ्यायची. मग नववीत मनगट दुखावलं आणि सुटलं ते सुटलंच.

फोटोत मुलगा जे करतोय, ते तिने स्वतः शेकडो वेळा केलंय. हे मला आत्ता, तुमची ‘चार बोटं’ वाचताना सुचलं. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हो, तिथे हात सुटतो ते माहीतच असतं ना." आणि उठून आत गेली.

अनुजा_क
हे मी वर्गात वापरणार आहे, चालेल ना? मी एका कॉलेजात फोटोग्राफी शिकवते (शहर सांगत नाही). दरवर्षी हाच घोळ असतो. मुलांना ज्या फोटोसाठी पाय मोडले तो सगळ्यात चांगला वाटतो. मी म्हणते, सहा सकाळी बसलास हे फोटोत कुठे दिसतंय, दाखव. थंडी दिसतेय? वाट बघणं दिसतंय? रडकुंडीला येतात बिचारी.

म्हणून आमच्याकडे पाठवायचे फोटो ज्याचे त्याने निवडायचे नाहीत. छोट्या प्रिंट काढायच्या, पोस्टकार्डाएवढ्या, पंचवीस-तीस. त्या लांब टेबलावर उलट्या ठेवायच्या. दुसऱ्याने एकेक सुलटी करायची, चार मोजायचे, पुन्हा उलटी. शेवटी कुठल्या आठवतात ते न बघता सांगायचं. ज्या दोन-तीन सगळ्यांना आठवतात त्या एका गठ्ठ्यात, मग त्यातून विभाग ठरवायचे. विभाग आधी आणि फोटो मागून, असं करायचं नाही. ‘निसर्गासाठी काहीतरी हवं’ म्हणून मगर कोंबली की असं होतं.

आणि फोकस_फेल, कॉलेजच्या मुलांची गोष्ट तुमच्या बस-मंडळींपेक्षा वेगळी आहे हो. एकोणीस वर्षांच्या पोराला आई, शिक्षक आणि इन्स्टाग्रामवरचे मित्र सोडून तिघा अनोळखी माणसांनी तोंड न बघता गुण दिले, हे पहिल्यांदाच घडतं. बायोडेटात एक ओळ वाढते हेही खरं, पुढच्या प्रवेशाला ती बघतात. पण दरमहा फी भरायला लागली तर मी स्वतः रागावते. वर्षाला दोन, फार तर तीन. प्रिंटची असेल तर आधी ती. पाच रुपयांच्या कागदावर जे लपतं ते चांगल्या मॅट कागदावर छापून, माउंट कापून, भिंतीवर लावलं की उघडं पडतं.

फोकस_फेल
वर्षाला दोन असेल तर माझा आक्षेप नाही. बस मात्र बंद.

वकिली_चष्मा
मध्येच एक कोरडा प्रतिसाद. फॉर्ममधलं बारीक अक्षर वाचत जा. फोटो प्रदर्शनात आणि कॅटलॉगमध्ये छापायची परवानगी मागणं रास्त. पण ‘पाठवलेल्या सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे’ असं लिहिलेलं असेल तर ती स्पर्धा नव्हे, स्वस्तात फोटो गोळा करायची युक्ती आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःहून काढलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढणारा. कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल तर गणित बदलतं. नामवंत सॅलॉन सगळे हक्क मागत नाहीत. नव्या, चकचकीत, मोबाईल अ‍ॅपवाल्या ‘मेगा कॉन्टेस्ट’ना जपा.

मृण्मयी_वड
मी पण बडोद्याचीच, म्हणजे माहेर. मला रांगोळीच्या फोटोबद्दल बोलायचंय, सगळे मगरीतच अडकलेत.

बडोद्यात राहून रांगोळीचा फोटो काढायचा म्हणजे ज्योती भट्टांच्या गल्लीत शिरणं आहे. इथल्या फाइन आर्ट्सचे, मूळचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून कॅमेरा घेऊन गुजरात, राजस्थान आणि कुठे कुठे हिंडले. भिंतींवरची चित्रं, मांडणं, रांगोळ्या, गोंदण टिपत. २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो बघितलेत तर एक लक्षात येईल. नुसती भिंत क्वचित असते. भिंतीपाशी ती काढणारी बाई उभी असते, कधी तिचं पोर, कधी म्हैस. चित्र आणि चितारणारी एकाच चौकटीत. त्यातल्या कित्येक भिंती नंतर पाडल्या, रंगवल्या गेल्या. फोटोच राहिले.

तुमच्या लेकीने आजींचे फक्त हात घेतले. सुंदर आहेत हात, बांगड्यांवर सकाळचं ऊन आहे. पण सुरकुतलेले हात आणि रांगोळी हे ज्युरीने किती वेळा पाहिलं असेल? ९ त्यामुळे पडले असतील. आजींचा चेहरा कसा आहे ते मला बघायचंय. उंबरा कसा आहे? त्या रांगोळीत गुजराती साथिया आहे की आपली ठिपक्यांची? फोटोत दोन्ही मिसळल्यासारखं दिसतंय, आणि तेच तर आपलं बडोदं आहे.

जाता जाता, स्पर्धेला काम पाठवण्याची हौस बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी ज्यांच्याकडून पुराणातली चित्रं करून घेतली ते रविवर्मा १८७३ मध्ये व्हिएन्नाला आणि १८९३ मध्ये शिकागोला चित्रं पाठवून पदकं घेऊन बसले होते. त्यांना कुणी फी विचारली असेल का हो?

दांडियाबाजारवाला
मृण्मयीताई, साथिया आणि ठिपके! आमची आई दोन्ही एकाच अंगणात काढायची आणि वर म्हणायची, "रंग पूरून दे" (म्हणजे रंग भर). हे वाक्य पुण्यात म्हटलं तर लोक माझ्याकडे मगरीसारखं बघतात.

विश्वामित्रीकाठी
मंडळी, चार दिवसांनी येतेय. बरंच काही झालं.

मृण्मयींचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या ८१ वर्षांच्या आहेत. सगळं नीट ऐकून म्हणाल्या, "तेच मी म्हणत होते. माझं तोंड काय वाईट आहे?" लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खरं कारण पुढे आलं. आजीने त्या दिवशी केस विंचरले नव्हते, म्हणून तिनेच "माझा फोटो नको, हाताचा घे" म्हटलं होतं! ते आता आजी साफ नाकारतात. रविवारी पुन्हा रांगोळी आहे. नऊवारी काढून ठेवली आहे. लेक म्हणते, नऊवारी नेसून रोज कोण रांगोळी काढतं, हे तर सजवलेलं होईल, या वेळी प्रवास विभागात द्यायचं तर चालणार नाही. आजी म्हणतात, मी कुठे प्रवासाला निघालेय?

यांचं मत थोडं मऊ झालंय. मल्लखांबाचा फोटो ऑफिसात दाखवला असं कळलं. पंधराशेचा उल्लेख तीन दिवसांत नाही.

त्या फोटोतल्या मुलाला ती प्रिंट देऊन आली. तिथल्या सरांनी तिला ओळखलं, म्हणाले, मनगट कसं आहे? आणि फोटो बघून पहिला प्रश्न, "याचा अंगठा आधी का सुटलाय? पडेल ना." काळापांढरासाहेब, तुमचे चौथे परीक्षक सापडले.

मगरीचं ती स्वतःच लिहिते म्हणाली. खाली तिचंच आहे, माझ्या आयडीवरून.

विश्वामित्रीकाठी
नमस्कार, आईच्या आयडीवरून लिहितेय. मराठी टायपिंग हळू आहे, चुका असतील तर माफ करा.

सगळ्यांचं वाचलं. आधी राग आला, विशेषतः ‘झालं तर मग’चा. मग अनुजा मॅडमचं टेबलवालं घरी करून बघितलं. बाबा, आजी आणि खालच्या मजल्यावरच्या काकू. तिघांनाही मगर आठवली, पण काकू म्हणाल्या, "ती पिशवीवाली". मगरवाली नाही म्हणाल्या. म्हणजे माझ्या फोटोत पिशवीच जिंकली होती आणि मी तो मगरीचा म्हणून पाठवला.

परवा परत गेले होते. धुकं होतं, दहापर्यंत ऊनच आलं नाही, त्यामुळे मगर बाहेर आली नाही. पिशवी तिथेच आहे, आता अर्धी वाळूत गेलीये. पुलावर एक बाई थांबल्या, त्यांनी हार आणि नारळ खाली टाकला, हात जोडले, आणि मला विचारलं, "इथे मगर आहे ना ग? मग इतक्या जवळ कशाला बसलीस?" त्यांच्या हातात तसलीच निळी पिशवी होती. हार त्यातूनच काढला होता. मी फोटो काढू का विचारलं तर हो म्हणाल्या. पण तोवर पिशवी घडी करून पर्समध्ये गेली होती.

त्या पुन्हा गुरुवारी येणार म्हणाल्या. आज बुधवार. आई, पाचचा गजर लावलाय, उठवू नकोस, मी उठते.